एका रोपावर वांगी आणि टोमॅटो: सोलापूरच्या गच्चीत कलमी भाजी लावावी का?

पावसाळा ओसरू लागला की रोपवाटिकेत एक प्रश्न हमखास कानावर येतो: "एकाच झाडाला वांगी आणि टोमॅटो लागतात, ते रोप आहे का ओ तुमच्याकडं?" मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, गच्चीत दोन-चार कुंड्या रिकाम्या असतात आणि मनात उत्साह असतो. पहिल्यांदाच भाजी लावणाऱ्या माणसाला असलं रोप फार खुणावतं.

माझं उत्तर थेट आहे. हौस म्हणून, थंडीच्या दिवसांत, मोठ्या कुंडीत असं एक रोप जरूर लावा. पण घरात भाजी यावी एवढाच हेतू असेल, तर तेवढ्याच खर्चात दोन साध्या कुंड्या जास्त देतील. कलमाचा खरा फायदा दोन भाज्या एकत्र आणण्यात नाहीच. मजबूत मुळांवर एकच भाजी चढवण्यात आहे, आणि तोही प्रत्येक अंगणात मिळतो असं नाही.

हे रोप तयार कसं होतं

वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची ही सगळी एकाच कुळातली झाडं. म्हणून एकाचा खोडाचा तुकडा दुसऱ्याच्या खोडावर नीट बसवला तर आतल्या रसवाहिन्या जुळतात आणि दोन्ही मिळून वाढू लागतात. ज्याची मुळं असतात तो खुंट, वर चढवतो ती कलमकाडी. आंब्याच्या कलमाचंच तत्त्व, फक्त इथे खोड कोवळं आणि काम नाजूक. मिरची मात्र टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या खुंटावर नीट जुळत नाही. "एका झाडावर पाच भाज्या" असे फोटो दिसले की हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे या विषयावर नेटकं काम केलं ते वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेनं. तिथे आयसी 111056 या वांग्याच्या खुंटावर 'काशी संदेश' हे वांगं आणि 'काशी अमन' हा टोमॅटो अशी दोन्ही कलमं एकत्र चढवली आणि त्याला 'ब्रिमॅटो' नाव दिलं. 2021 मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार एका झाडाला सुमारे 2.4 किलो टोमॅटो आणि 2.7 किलो वांगी मिळाली. आकडे चांगलेच आहेत, पण ते शेतातल्या जमिनीतले, पूर्ण खतमात्रा दिलेल्या आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालच्या झाडाचे आहेत. गच्चीतल्या कुंडीनं तेवढंच द्यावं अशी अपेक्षा धरू नका.

वर टोमॅटो आणि खाली बटाटा असं दुसरं रोप इंग्लंडमध्ये थॉम्पसन अँड मॉर्गन या बियाणं कंपनीनं 2013 मध्ये 'टॉमटॅटो' नावानं विकायला आणलं. तेही कलमच. जर्मनीत मेल्चर्स या शास्त्रज्ञानं 1978 मध्ये बटाटा आणि टोमॅटो यांच्या पेशी एकत्र करून खरोखरचा संकर तयार केला होता, पण त्याला ना धड टोमॅटो आले ना धड बटाटे. त्यामुळे बाजारात जे मिळतं ते दोन झाडांचं जोडकाम असतं, नवी जात नसते.

याचा एक व्यवहारी अर्थ आहे. कलम बियातून उतरत नाही. ब्रिमॅटोच्या टोमॅटोचं बी पेरलं तर फक्त टोमॅटोच येणार. ऑनलाइन कुणी "पोमॅटोचं", म्हणजे बटाटा-टोमॅटोच्या जोडरोपाचं, "बी" म्हणून पाकीट विकत असेल तर ते घेऊ नका, मग त्यावर कितीही सुंदर चित्र असो.

पहिली पायरी: जागा आणि पाणी बघा

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन मिळतं का? नसेल तर हा बेत सोडा आणि पालक, मेथी, पुदिना लावा. ऊन असेल तर पुढचा प्रश्न पाण्याचा. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, बऱ्याच घरांत झाडांना बोअरचंच पाणी जातं. लोकांना वाटतं की दोन झाडांऐवजी एक झाड म्हणजे पाणीही निम्मं. तसं होत नाही. झाड पाणी उडवतं ते पानांतून, आणि कलमी झाडाला दोन भाज्यांची पानं असतात. फुलं-फळं धरताना एका कुंडीतल्या मातीला दोघांची तहान भागवावी लागते, म्हणून ती कुंडी उलट लवकर कोरडी पडते.

जागेचा हिशोबही असाच आहे. दोन भाज्यांच्या रोपाला किमान 18 इंची कुंडी किंवा तेवढा ड्रम लागतो. साधं वांग्याचं एक रोप 12 ते 14 इंची कुंडीत सुखानं राहतं, टोमॅटोचंही तसंच. वाचणारी जागा म्हणजे जेमतेम हातभर. त्या बदल्यात एक मोठी जोखीम येते: मुळाला काही झालं की दोन्ही भाज्या एकाच दिवशी जातात.

दुसरी पायरी: हंगाम पकडा

सोलापुरात या पायरीवरच निम्मा निकाल लागतो. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही गरम राहू लागल्या की टोमॅटोची फुलं गळतात. आपल्याकडे मार्चपासूनच पारा चढतो आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणं ही नेहमीची गोष्ट. वांगं त्या उन्हाशी बऱ्यापैकी झुंजतं, टोमॅटो नाही. म्हणजे फेब्रुवारीत हौसेनं आणलेल्या ब्रिमॅटोचं उन्हाळ्यात वांग्याचं साधं झाड होऊन बसतं, शिवाय टोमॅटोच्या फांदीला पाणी घालत राहायचं ते वेगळंच.

वेळापत्रक असं ठेवा. गणपतीच्या आसपास बी टाकायचं किंवा रोपवाटिकेत नाव नोंदवायचं, दसऱ्याच्या सुमारास तयार कलमी रोप कुंडीत आणायचं. मग गड्ड्याची जत्रा भरते तोवर तोडे सुरू होतात आणि भोगीच्या भाजीत घरचं वांगं पडतं. टोमॅटो फेब्रुवारीअखेरपर्यंत धरतात.

तिसरी पायरी: रोप विकत घेताना

रोप हातात घ्या आणि पानांकडे नंतर बघा. आधी जोड शोधा. मातीपासून दोन-तीन बोटं वर खोडाला एक फुगीर गाठ दिसेल, कधी तिथे छोटी पारदर्शक क्लिप अडकवलेली असेल. अंगठा आणि तर्जनीत खोड धरून जोडाच्या वरचा भाग अगदी हलकेच कलता करून बघा. जोड पक्का असेल तर खोड एकसंध वाकतं. कच्चा असेल तर नेमकं गाठीपाशी हलल्यासारखं वाटतं, कधी बारीक काळी रेघही दिसते. असं रोप परत ठेवा.

दोन भाज्यांच्या रोपात दोन्ही फांद्या साधारण सारख्या जाडीच्या असाव्यात. टोमॅटोची फांदी वीतभर आणि वांग्याची दोन पानांची असेल तर वांगं पुढे कधीच वर येत नाही. फुलं-फळं लागलेलं मोठं रोप दिसायला आकर्षक असतं, पण छोट्या पिशवीत त्याची मुळं कोंडलेली असतात. सहा-आठ पानांचं ठेंगणं रोप घ्या.

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: खुंट कशाचा आहे? ज्याला उत्तर माहीत आहे तो जातीचं नाव सांगेल, निदान "रानवांग्याचा" तरी म्हणेल. जो उत्तर टाळतो त्याच्याकडून साध्या रोपाच्या कितीतरी पट किंमत देऊन रोप घेण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी: लावणी

आपली नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ओली असताना ती चिकट गोळा होते आणि सुकली की कडेनं भेगा पडून पाणी सरळ खाली निघून जातं. एक भाग काळी किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, वर दोन मुठी निंबोळी पेंड, असं मिश्रण बरं. तळाला भोकं मोकळी हवीत.

साधं टोमॅटोचं रोप आपण खोल पुरतो, कारण त्याच्या खोडालाही मुळं फुटतात आणि झाड भक्कम होतं. कलमी रोपाच्या बाबतीत ही सवय नेमकी उलटी पडते. जोड मातीखाली गेला की वरच्या टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचा काही उपयोग राहत नाही. जोड मातीच्या किमान दोन इंच वर ठेवा. पुढे खत टाकताना, माती चढवताना तो झाकला जात नाही ना, हेही बघत राहा.

लावतानाच बांबूची काठी रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. सोलापूरच्या उघड्या गच्चीवर वारा जोराचा असतो आणि फळांनी लगडलेली फांदी आधी जोडापाशीच मोडते. जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी दोन्ही फांद्या वेगवेगळ्या बांधा, गाठ सैल ठेवा. संध्याकाळी लावणी करा आणि पहिले चार-पाच दिवस सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हात आणा.

मग खरी मेहनत: दोघांचा तोल

दोन भाज्यांच्या झाडात टोमॅटो नेहमी पुढे पळतो आणि वांग्यावर सावली धरतो. त्याला आवरणं हे दर आठवड्याचं काम आहे. टोमॅटोच्या दोनच मुख्य फांद्या ठेवा, पानाच्या बेचक्यातून येणारे फुटवे कोवळे असतानाच बोटांनी खुडा, उंची चार फुटांच्या आसपास गेली की शेंडा मारा. टोमॅटो बुटक्या जातीचा किंवा चेरी टोमॅटो असेल तर त्रास निम्म्यानं कमी होतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून कुंडी अशी ठेवा की वांग्याची फांदी दक्षिणेला येईल.

जोडाच्या खालून काही फुटलं तर लगेच काढा. तो खुंटाचा फुटवा असतो. रानवांग्याचा खुंट असेल तर पानं निराळी, बऱ्याचदा काटेरी असतात, त्यामुळे ओळखायला सोपं जातं. "जोरदार वाढतंय" म्हणून तो राहू दिला तर महिन्याभरात खुंटच झाड होतो आणि वरच्या दोन्ही भाज्या मागे पडतात.

पाणी एक दिवस भरपूर आणि मग दोन दिवस काहीच नाही असं केलं की टोमॅटोचं बूड काळं पडतं. मातीवर वाळलेला पाला किंवा उसाचं पाचट अंथरलं तर ओल टिकते. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला, तर नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी खालून वाहून जाईपर्यंत एकदा घाला.

आणि कीड? विक्रीच्या जाहिरातीत "रोगप्रतिकारक" असं लिहिलेलं असतं, पण खुंटाची ताकद मातीतल्या रोगांपुरती असते. पांढरी माशी टोमॅटोवर चुरडा-मुरडा (पानं वळून आकसण्याचा रोग) आणते तो कलमी रोपावरही तसाच येतो. वांग्यातली शेंडे आणि फळं पोखरणारी अळीही कलम बघून परत जात नाही. पिवळे चिकट सापळे लावा, लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून दर आठवड्याला फवारा, माना टाकलेले वांग्याचे शेंडे अळीसकट खुडून नष्ट करा. रासायनिक औषध या झाडावर नकोच. वांग्यासाठी मारलेलं औषध शेजारच्या पिकलेल्या टोमॅटोवर पडतं, आणि तो तर आपण कच्चा खातो. चुरडा-मुरडा जोरात आला तर टोमॅटोची अख्खी फांदी कापून टाकणं भाग पडतं.

बटाटा-टोमॅटोचं काय?

मुलांना दाखवायला हे रोप सुंदर आहे. खायला मिळेल ते थोडंच. पानांत तयार होणारं अन्न एकच, ते वर फळांत जाणार की खाली बटाट्यांत, याची ओढाताण सतत चालते. शिवाय बटाटा पोसायला रात्री थंड लागतात, त्यामुळे सोलापुरात त्याची खिडकी फार अरुंद आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर बटाटा लावायचा, दिवाळीच्या सुमारास त्याच्या कोंबावर टोमॅटो चढवायचा, फेब्रुवारीत कुंडी उलटी करायची. त्याआधी बटाटे उकरून बघू नका, झाड कोलमडतं. मातीची भर देतानाही जोड झाकायचा नाही, म्हणून बटाटे उघडे पडतात आणि ऊन लागून हिरवे होतात. हिरवा बटाटा विषारी असतो, तो खाऊ नये. कडेची माती वरचेवर सारखी करत राहा.

स्वतः कलम करायचं असेल तर

यात मला सगळ्यात जास्त आनंद दिसतो, आणि खर्च जवळजवळ शून्य. नवशिक्यानं पाचर कलमाच्या नादी लागू नये. त्यात वरचा तुकडा मुळांपासून पूर्ण तोडलेला असतो आणि तो जगायला आठवडाभर दमट हवा लागते. आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये तो दुपारपर्यंत मान टाकतो. भेट कलम करा. त्यात जोड पक्का होईपर्यंत दोन्ही रोपं आपापल्या मुळांवर जगतात.

वांग्याचं बी टोमॅटोच्या आठवडाभर आधी पेरा, कारण ते सावकाश वाढतं. दोन्हींची खोडं सारख्या जाडीची, साधारण 3-4 मिलिमीटर झाली की दोन्ही रोपं एकाच कुंडीत शेजारी शेजारी लावा आणि चार दिवस रुळू द्या. नवं ब्लेड स्पिरिटनं पुसून घ्या. हात साबणानं स्वच्छ धुवा, आणि घरात तंबाखू मळणारं, मिश्री लावणारं किंवा विड्या वळणारं कुणी असेल तर हात दोनदा धुवा. तंबाखूवरचा विषाणू हातावरून टोमॅटोत जातो.

आता वांग्याच्या खोडाला वरून खाली तिरका काप द्या, लांबी सुमारे एक सेंटिमीटर, खोली खोडाच्या निम्मी. टोमॅटोच्या खोडाला त्याच उंचीवर खालून वर तसाच काप द्या. दोन जिभा तयार होतात, त्या एकमेकींत अडकवा. हिरवा ओला भाग हिरव्या ओल्या भागाला टेकला पाहिजे. ब्लेड हातात असताना घाई करू नका, पण काप उघडा ठेवून फोनही घेऊ नका, तो मिनिटभरात सुकू लागतो. वरून कलमाची क्लिप लावा किंवा पॅराफिल्मची (कलम बांधायच्या ताणणाऱ्या पातळ फितीची) पट्टी गुंडाळा. रोप तीन-चार दिवस पारदर्शक पिशवीखाली, न्हाणीघराच्या खिडकीसारख्या उजेडाच्या पण उन्हाच्या नसलेल्या जागी ठेवा.

दहा-बारा दिवसांनी टोमॅटोचं खोड जोडाच्या खाली निम्मं कापा. दोन दिवस बघा. वरचा भाग ताजा राहिला तर उरलेलंही कापून टाका. वांग्याचा शेंडा कापायचा नाही. मूळ वांग्याचं, एक फांदी वांग्याची, एक टोमॅटोची: घरचा ब्रिमॅटो तयार.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. रस्त्याकडेला मजबूत धोत्रा दिसतो, तोही याच कुळातला, आणि टोमॅटो त्यावर जुळतोही. पण धोत्र्याचं विष मुळांतून वर चढून टोमॅटोच्या फळात उतरतं. अमेरिकेत असे टोमॅटो खाऊन लोकांना विषबाधा झाल्याची नोंद आहे. तंबाखूचा खुंटही नको, निकोटिन मुळातच तयार होतं.

कलमी रोप खरोखर कुणी घ्यावं

छत्तीसगडमध्ये शेतकरी कलमी वांगी-टोमॅटो लावतात ते एका झाडावर दोन भाज्यांसाठी नव्हे, मातीतल्या मर रोगातून पीक वाचवण्यासाठी. कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीत जिवाणूंची मर फार, तिथेही अशा खुंटाला अर्थ आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ती तेवढी नसते, आणि नव्या मातीच्या कुंडीत तर जवळजवळ नसतेच. म्हणून गच्चीवाल्यांनी त्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही.

ज्यांच्या घरामागे जमीन आहे आणि तिथे वर्षानुवर्षं वांगी, टोमॅटो, मिरचीच फिरून फिरून लागते, त्यांनी मात्र मेलेलं झाड उपटून मुळं धुवून बघावीत. मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी) आहेत. पानं हिरवी असतानाच झाड अचानक कोमेजलं असेल तर खोडाचा बुडखा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरा. काही मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली तर जिवाणूंची मर समजा. अशा जागी रानवांग्याच्या प्रतिकारक खुंटावरचं वांगं पैसे वसूल करतं.

त्याचा आणखी एक फायदा सोलापूरकरांना जास्त कामाचा आहे. मजबूत मुळांवरचं वांगं एका हंगामात संपत नाही. उन्हाळ्यात फळं बारीक आणि कडवट येऊ लागली की जोडाच्या वर हातभर खोड ठेवून झाड छाटा, कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, बुडाशी शेणखत आणि निंबोळी पेंड द्या, वर 50 टक्क्यांची शेडनेट टाका आणि जगण्यापुरतं पाणी देत राहा. मृगाच्या सरींनंतर नवे धुमारे येतात. त्यातले चार जोमदार ठेवून बाकीचे काढून टाका. खुंटाच्या जातीबद्दल किंवा मुळांवरच्या गाठींबद्दल शंका असेल तर उपटलेलं झाड मुळांसकट ओल्या गोणपाटात गुंडाळून खेड किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला न्या, फोटोवरून गाठींचा नीट अंदाज येत नाही.